२९ सरसकट सगळ्यांना नको

सायकलच्या चाकांच्या मापांवरच्या लेखातला 'डोळे झाकून २९ इंची चाकांची सायकल घ्या' हा सल्ला पटला नाही. मोठं चाक खड्ड्यात कमी आदळतं हे मान्य, आणि पावसाळ्यातला घोडबंदर रोड बघता ठाणेकरांना तेवढं कारण पुरे आहे म्हणा! पण उंचीचं काय? माझी बायको पाच फूट एक इंच. दुकानात तिला २९ च्या सायकलवर बसवलं, तर हँडल वळवताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासायला लागलं. २७.५ इंची चाकांची, लहान फ्रेमची सायकल काढल्यावर गाडी लगेच ताब्यात आली. उपवनहून येऊरच्या चढाला लागल्यावर चाकाचं वजनही कळतं. थांबून पुन्हा पाय मारताना मोठं चाक जरा उशिराच हलतं.

दुसरं, लेखात २७.५ ला २६ आणि २९ च्या 'बरोबर मधला साइज' म्हटलंय. नावावर जाऊ नका, टायरच्या बाजूला छापलेला रिमच्या व्यासाचा मिलिमीटरचा आकडा वाचा. २६ ला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. म्हणजे २७.५ चा रिम २६ पेक्षा फक्त २५ मिमी मोठा, आणि २९ पेक्षा ३८ मिमी लहान. मधला कसला, तो २६ चाच थोरला भाऊ! ६२२ हाच आकडा रोड बाइकच्या (डांबरी रस्त्यावर वेगात चालवायच्या सायकलच्या) '७००सी' नावाच्या चाकाचाही असतो. टायर मागवताना 'इंच' सांगून चुकीचा माल घरी येतो, तेव्हा हा आकडाच सांगा.

जुनी २६ ची सायकल धडधाकट असेल आणि नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सकाळी फेरी मारण्यापुरतीच हवी असेल, तर नवीन घेऊच नका. खरबरीत टायर काढून गुळगुळीत टाका, भागतं.