रंग ओला, अन् वर कापूस

भाव वाढेल म्हणून यंदाही सगळा कापूस घरातच भरून ठेवलाय, पार आढ्यापर्यंत. अन् मी त्याच खोलीत बसून मिग-२१ या लढाऊ विमानाच्या १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) मॉडेलला रंग मारायचा! चंदेरी रंगाचा हात फिरवला रे फिरवला, की पंखावर तंतू चिकटलाच. ओल्यात चिमट्याने उचलायला जावं तर चरा उमटतो. मुकाट वाळू द्यायचं, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचं. त्यात नेमक्या बारीक पॅनल लाइनी, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, पुसल्या जातात, ते वेगळंच. आता रंगवलं की लगेच वरून डबा पालथा घालतो. तर आई येते, डबा उचलते अन् विचारते, "काहून रे, काय झाकलं याच्याखाली?" झालं! घ्या पुन्हा पॉलिश पेपर.