आजीला हाराचा फोटो हवाय

आजीला ८१ वं लागलं आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाची गडबड सुरू झाली, म्हणजे हॉल कुठला, गुरुजी कोण, जेवणात जिलबी की श्रीखंड, आणि ओवाळायला दिवे ८० की ८१ यावरून आत्या आणि काकूचं आठवडाभर फोनवर चालू. या सगळ्यात आजीने मला एकट्याला गाठलं आणि हळूच म्हणाली, "मला बाकी काही नको. एक चांगला फोटो काढून दे. हाराचा."

मी म्हणलं हो काढू की, गुरुजींनी हार घालायला सांगितला की लगेच काढतो.

"तो हार नाही रे. नंतरचा."

आता यावर माणसाने काय बोलायचं? "काहीतरीच काय आजी" असं जे ठरलेलं असतं ते मी म्हणलं, पण तिने हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि मी गप्प झालो. भिंतीवर आजोबा आहेत. आणि आजोबांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत.

झालं असं की आजोबा अचानक गेले आणि तेव्हा लक्षात आलं की या माणसाचा एकट्याचा असा एकही फोटो घरात नाही. मग काकाच्या लग्नातला ग्रुप फोटो काढला, त्यातले आजोबा कापले, स्टुडिओवाल्याने मागे आकाशी रंग भरून दिला आणि शेजारच्या माणसाचा हात मनगटापर्यंत उडवला, पण बोटं काही त्याला उडवता आली नाहीत, कारण ती कोटावरच होती. तर ती बोटं कोणाची हा आमच्या घराण्यातला जुना वाद आहे. काका म्हणतो त्याच्या सासऱ्यांची. आत्या म्हणते आमच्या ह्यांची, अंगठी बघा. दरवर्षी पुण्यतिथीला हार घातला की बरोबर हाराच्या वरून ती चार बोटं डोकावतात. लहानपणी मी त्या फोटोखाली एकटा झोपायचो नाही.

"माझ्या खांद्यावर कोणी नको," आजी म्हणाली. "आणि हसरा हवा. पण फार हसरा नको, लोक म्हणतील सुटली एकदाची."

हे काम माझ्याकडे यायचं कारण म्हणजे मी हप्त्यावर घेतलेला फोन, ज्याला मागे तीन कॅमेरे आहेत. बायकोचं म्हणणं, तीन कॅमेरे आहेत पण डोळा एकालाही नाही. तिचं अगदीच चुकीचं नाही. माझ्या फोनमध्ये २३ हजार फोटो आहेत आणि त्यात वीज मीटरचं रीडिंग, मॉलच्या पार्किंगमधले खांबाचे नंबर, औषधाच्या पट्ट्या आणि लोकांनी पाठवलेले सुप्रभात हे सगळं उत्तम फोकसमध्ये आहे. हललेली आहेत ती फक्त घरची माणसं.

पहिला शोध तर लाज वाटावी असा होता. कित्येक महिने माझे फोटो धुक्यात काढल्यासारखे यायचे, दिव्याभोवती मोठी वलयं, सगळ्यांचे चेहरे तुपात बुडवल्यासारखे, आणि मी फोनला शिव्या देत होतो. शेवटी लेकीने, म्हणजे चिंगीने, वय वर्षे ५, विचारलं बाबा काचेवर काय लागलंय. पोळी खाताना लागलेलं तेल, खिशातली धूळ आणि माझ्या अंगठ्याचा ठसा, तिन्ही लेन्सवर समान वाटप. मऊ सुती कपड्याने पुसलं आणि घरात एकदम मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यासारखं लख्ख दिसायला लागलं. तेव्हापासून मी फोटो काढायच्या आधी फोन बनियनला पुसतो. चारचौघात ते बरं दिसत नाही, पण फोटो बरा येतो.

आमच्या घराण्याला फोटोचा शापच असावा म्हणा. माझ्या लहानपणी बाबांनी महाबळेश्वरच्या ट्रिपसाठी मित्राकडून याशिका कॅमेरा मागून आणला होता. तेव्हा ३६ फोटोंचा रोल, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी आई केस नीट करणार, बाबा आमचे शर्ट खोचणार, मग श्वास रोखून क्लिक. आर्थर सीट झालं, वेण्णा लेकवर होडीत झालं, स्ट्रॉबेरी खाताना झालं, आकडा ३६ च्या पुढे गेला, ३८ झाला, ४१ झाला, आणि बाबा खूश, "बघ, रोल चांगला लागलाय, संपतच नाही!" संपणार कसा, तो आतल्या दात्यांमध्ये अडकलाच नव्हता, पहिल्या फोटोपासून जागचा हलला नव्हता. धुवायला टाकला तेव्हा कोराच्या कोरा निघाला. आई आजही महाबळेश्वर म्हणलं की फक्त बाबांकडे बघते.

असो. कार्यक्रमाच्या दिवशी मी तयारीने गेलो होतो. ग्रुप फोटोला माणसं १४. आणि मी वाचलं होतं की ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी चक्क गणित मांडलंय, ग्रुपमध्ये एकाचेही डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढावेत. माणसं विसाच्या आत असतील तर उजेड चांगला असताना संख्येला ३ ने भागायचं, उजेड कमी असेल तर २ ने. याला २००६ साली गणिताचं इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. हॉलमध्ये उजेड बेताचा, म्हणजे १४ भागिले २, सात फोटो. मी म्हणलं आपण आठ काढू, उगाच काठावर नको.

२६ काढले. कारण काय, त्या दोघांनी फक्त पापण्यांचा हिशोब केलाय हो. त्यांच्या गणितात काका नाही, जो तिसऱ्या फोटोला "एक मिनिट, बँकेतून फोन आहे" म्हणून निघून गेला. त्यात आत्या नाही, जी प्रत्येक क्लिकला शेजारणीचा पदर सारखा करते. त्यात "अरे जेवणं थांबलीयेत" असं मागून ओरडणारा केटररचा माणूस नाही. आणि मी मूर्खासारखं सगळे मावावेत म्हणून सगळ्यात रुंद लेन्स लावली, जिच्यात कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणली जातात. डावीकडे काकू होती, उजवीकडे मेहुणी. फोटो ग्रुपवर गेल्यावर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. आता मी चार पावलं मागे जाऊन साध्या लेन्सने काढतो, पण बातमी पसरलेली आहे, हल्ली आमच्याकडे ग्रुप फोटो म्हणलं की सगळी मधल्या दोन जागांसाठी लोकलमध्ये शिरल्यासारखी घुसतात.

आजीचा एकटीचा फोटो त्या दिवशी झाला, पण तो भाग न सांगितलेला बरा. ती स्टेजच्या खुर्चीवर बसली, मी "आजी स्माईल" म्हणलं आणि तिने जो चेहरा केला तो पासपोर्ट ऑफिसलाही गंभीर वाटला असता. मग हौसेने पोर्ट्रेट मोड लावला, ज्यात मागचं सगळं धूसर होतं. आता खरी मोठी लेन्स ते काचेच्या जोरावर करते, फोन मात्र माणूस कुठे संपतो ते अंदाजाने ठरवतो आणि मग उरलेलं पुसट करतो. त्याने आजीचा अंबाडा, गजरा आणि अर्धा कान ही पार्श्वभूमी धरली. आजीने बघितलं आणि म्हणाली, "हा कोण म्हातारा?"

घरी आल्यावर रात्री परत प्रयत्न. रात्रीचा फोटो म्हणजे तर वेगळीच करमणूक आहे, कारण उजेड कमी म्हणून फोन जास्त वेळ उजेड गोळा करत बसतो आणि तेवढ्यात जो हलला तो गेला. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर या फोटोग्राफीच्या आद्य संशोधकाने खिडकीतून एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला होता, उमटायला कित्येक मिनिटं लागायची, त्यामुळे चालत्या घोडागाड्या, चालती माणसं सगळी गायब, उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस. आमच्या हॉलच्या फोटोत पण तसंच झालं. चिंगी म्हणजे गुलाबी रंगाचा फराटा, आजी हलून दोन नाकांची, आणि मागे टीव्ही बघत बसलेले बाबा एकदम सुस्पष्ट. बाबांना इतिहासात जायला काही करावं लागत नाही. बरं फ्लॅश मारावा तर चेहरा पिठासारखा पांढरा, डोळे लाल आणि मागे भिंतीवर काळी सावली, म्हणजे हार घालायच्या आधीच भूत.

शेवटी जे झालं ते मी ठरवून केलं असं सांगायला मला आवडलं असतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आमची खिडकी पूर्वेची, पण समोर दुसरी बिल्डिंग, त्यामुळे थेट ऊन येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. आजी खिडकीशी स्टुलावर बसून मेथी निवडत होती आणि चिंगीला सांगत होती की तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, लहान असताना मेथी खायला लागू नये म्हणून धान्याच्या कोठीमागे लपायचे. मी आधी ट्यूब बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड दोन्ही मिळून चेहरा अर्धा निळा अर्धा हिरवट करतात. लगेच ओट्याकडून बायको, "अरे अंधार का करतोस, मला मोहरी दिसत नाहीये!" मी म्हणलं दोन मिनिटं. आजीच्या डोक्यामागून कढईचा दांडा शिंगासारखा उगवत होता, तो टाळायला मी अर्धं पाऊल डावीकडे सरकलो आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीला यावं म्हणून फरशीवर मांडी घातली. उभं राहून काढलं की बसलेल्या माणसाचा नुसता भांग येतो फोटोत. (मुलांचं पण तेच. चिंगीचे पहिल्या तीन वर्षांचे माझ्याकडे टाळूचे उत्तम फोटो आहेत.) फोन थोडा लांब ठेवला, दुप्पट झूम केला, कारण अगदी तोंडाशी नेला की नाकच मोठं होतं. आणि मुख्य म्हणजे काही बोललो नाही. स्माईल नाही, रेडी नाही, इकडे बघ नाही.

चिंगीने विचारलं, "मग मेथी कोणी खाल्ली?"

आजी हसली. बटण मी दाबूनच धरलं होतं, ११ फोटो निघाले, त्यातल्या सातव्यात आजी आहे. म्हणजे आमची जी आजी आहे ना, ती. एका गालावर खिडकीचा उजेड, हातात मेथीची जुडी, आणि हसू बरोबर तेवढंच, सुटली वगैरे वाटणार नाही असं. मला मांडीवरून उठायला बायकोने हात दिला.

घरातले अभिप्राय ऐका. बाबा: कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. काकू: टिकली सरकलीये. आत्या: मागे ओट्यावरची बरणी दिसते, काय म्हणतील लोक. काका: छान, आणि त्याने तो स्क्रीनशॉट काढून, बॅटरीच्या टक्क्यांसकट, डीपीला लावला. आजीने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "चेहरा चांगला आलाय," म्हणाली. मी फुललो. "पण गाऊनवर वर जायचं का मी?"

तेवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोटोमध्ये आजी निळ्या फुलांच्या गाऊनमध्ये होती, खांद्यावर नॅपकिन.

मग लॅबवाला. त्याने आधी मला झापलं की व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होऊन येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग गाऊनचं बघून म्हणाला काही टेन्शन नाही, आणि कॉम्प्युटरवर त्याने एक फोल्डर उघडलं, त्यात नुसत्या साड्या नेसलेल्या, डोकं नसलेल्या बायका. काठपदर, पैठणी, नऊवारी. मी तिथून आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि ८१ व्या वर्षी माझ्या आजीने स्वतःसाठी देह पसंत केला. वांगी कलरची पैठणी. "ही जरा जाड आहे का रे? नाही? मग हीच. आणि पाटल्या आहेत का बघ त्याच्याकडे." पाटल्या होत्या. मेथी गेली, खिडकी गेली, ओट्यावरची बरणी गेली, मागे आकाशी रंग आला. त्या एका गालावरच्या उजेडाला मात्र कोणी हात लावला नाही, बहुतेक विसरले.

निघताना लॅबवाला म्हणाला, आजोबांचा पण फोटो आणून द्या, दोन्ही एका साईजमध्ये करू, जोडी छान दिसेल. मी खिशातून फोन काढून आजोबांचा फोटो दाखवला. त्याने झूम केला, बोटांवर थांबला. "हे पण उडवतो. एका मिनिटाचं काम आहे."

एका मिनिटाचं! मी परत आजीला फोन लावला, आत्या तिथेच बसलेली होती, स्पीकरवर सांगितलं की आता आजोबांच्या खांद्यावरची बोटं जाणार.

"काढू नको," आजी म्हणाली.

"अगं पण आजी, कोणाची आहेत तेही कोणाला माहीत नाही."

"मला माहितीये. थोरल्या भावजींची आहेत." आत्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, आजीने तिला थांबवलं. "वाटणीत नाही, पोरींच्या लग्नात नाही, ह्यांच्या आजारपणात नाही, कधी माणूस उभा राहिला नाही. आयुष्यभरात तेवढाच काय तो हातभार लावला. राहू दे."