कोंढाण्यावर सिनेमा काढताय? मग एवढं कराच

पहिलं काम म्हणजे सभासद बखर, म्हणजे महाराजांच्या पदरी असलेल्या सभासदाने लिहिलेलं त्यांचं जुनं चरित्र, युनिटमध्ये कुणाच्या हाती लागू देऊ नका. तिच्यात मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे चढून जातात. बस्स, एवढंच! घोरपड नाही, तिच्या कमरेचा दोर नाही. इतक्या कोरड्या प्रसंगाचं व्हीएफएक्सवाले बिल तरी काय लावणार? तेव्हा पोवाड्यातली घोरपड घ्या आणि तिला मगरीएवढी करा.

संवादांचंही तेच. बखरीत महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ वाक्य काळजाला भिडतं, पण शिट्ट्या पडत नाहीत. तुम्ही सिंहच घाला. ‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या लढाईआधीच्या कागदांतही सापडतं, अशी कुरकुर एखादा मोडी वाचणारा करेलच. त्याच्याशी वाद घालू नका. ट्रेलरच्या कार्यक्रमाला बोलवा, फेटा बांधा, पहिल्या रांगेत बसवा, नामावलीत ‘इतिहास सल्लागार’ म्हणून टाका. सल्ला तेवढा चित्रीकरण आटोपल्यावर घ्या.

आता उदेभान. बखरकार त्याला आणि तानाजीला, दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो. शत्रूला शूर म्हटल्याने आपला माणूस लहान होत नाही, हे त्या जुन्या माणसाला कळत होतं. तुम्हाला ते परवडणारं नाही. तुमच्या उदेभानाने डोळ्यांत काजळ भरावं, तंगडी फाडून खावी आणि विनाकारण हसावं. फक्त त्याच्या कुळातलं कुणी कोर्टात जाणार नाही ना, हे वकिलाकडून बघून घ्या. कागदपत्रं तपासायचीच असतील तर ही तपासा.

महालातल्या झुंबरावर मात्र नजर असू द्या. २०२२ साली एका शिवकालीन सिनेमाच्या पहिल्या झलकीत विजेचे दिवे दिसले आणि लोकांनी एडिसनपर्यंतचा हिशोब काढला. लोकांना बल्ब दिसतो, बखर दिसत नाही. म्हणून पणत्या भरपूर लावा, बाकी सगळं खपतं.

पोस्टरवर ‘दडवलेला खरा इतिहास’ मोठ्या अक्षरांत छापा. सुरुवातीच्या सूचनेत ‘सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे’ हे बारीक अक्षरांत, दोन सेकंद. पहिलं तिकीटखिडकीसाठी, दुसरं न्यायाधीशांसाठी.

पुढे शिवजयंतीला तुमच्या लेखकाने अंधेरीत बसून लिहिलेला संवाद ‘महाराजांचे मूळ शब्द’ म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर येईल. खाली काका लिहितील, ‘हे शाळेत का शिकवत नाहीत?’ हात जोडल्याची खूण टाका आणि दुसऱ्या भागाची घोषणा करा.