सूप कुणी विणलं?

२०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संताप निवलेला नाही. परवा दादानं पुन्हा लिहिलं, ‘तुमच्या युरोपानं लुटलं म्हणून आपला कारागीर मेला.’ चपलांचा राग मलाही आला होता. २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या वस्तूचं मूळ ओरड झाल्यावर कबूल करायचं, ही चोरीच. पण दादाचं हे वाक्य मला पटत नाही. ‘तुमच्या युरोपानं’ तर मुळीच नाही. मला इथं येऊन अकरा वर्षं झाली, तरी ते लागतं.

मी फ्रान्समधल्या तूरेन भागात राहते, वीलेन-ले-रोशेपासून जवळ. हे टोपल्या विणणाऱ्यांचं गाव. १८४९ साली इथल्या पाद्र्यानं विणकरांची सहकारी संस्था काढली, ती आजही चालू आहे. इथल्या टोपल्या विलोच्या. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भावकीतलं झाड. हिवाळ्यात कापलेल्या फांद्यांच्या मोळ्या पाण्यात उभ्या करून ठेवतात, मे महिन्याच्या सुमारास त्यांत रस चढला की साल सोलतात. आत पांढरीशुभ्र काडी निघते. ती लवचीक राहायला ओल लागते, म्हणून पूर्वी डोंगरात कोरलेल्या गुहांत बसून विणत.

एप्रिलच्या सुमारास कारागिरीचे दिवस असतात. फ्रान्समध्ये ते २००२ पासून भरतात. यंदाही कार्यशाळांची दारं उघडी होती. सकाळी मी साल दे फेतमध्ये, म्हणजे गावच्या सभागृहात, खुर्च्या मांडल्या, लिंबाचा केक नेला. एक बाई टोपलीचं बूड विणत होती. हिशेबनिसाची नोकरी सोडून ती फेल-बियोच्या शाळेत हे शिकून आली होती. तिचं आडनाव ऐकून कुणी तिचा धंदा सांगू शकत नाही, आणि धंदा ऐकून तिला कुठं बसवायचं हेही कुणी ठरवत नाही.

दादा, आपल्याकडे कोण नोकरी सोडून बुरूडकाम शिकायला जाईल? चपला शिवायला? ‘आपली कला’ म्हणताना ज्यांच्या हातात ती होती, त्यांना आपण किती आपलं म्हटलं? प्राडा आपल्या उंबऱ्याबाहेर उभी नव्हती. बुरडीण उभी होती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मुलीच्या शाळेतला एक वर्ग सप्टेंबरपासून बंद होतोय, तेवढी मुलंच गावात उरली नाहीत, हे मात्र लिहिलं नाही.

मी ऐंशी युरोंची टोपली घेतली. घासाघीस करावीशी वाटली नाही. संध्याकाळी वाइनचे पेले घेऊन उभे असताना त्या विणकर बाईनं विचारलं, तुमच्याकडे कशाच्या विणतात? मी सुपाबद्दल सांगू लागले. बांबूच्या कामट्या, धान्य पाखडणं, गौरी सुपातून घरात येते ते. तिचे डोळे चमकले. काठ कसा बांधतात? कामटी ओली असताना विणतात की सुकल्यावर? मला एकाचंही उत्तर आलं नाही. दर श्रावणात आमच्या पडवीबाहेर एक बाई दुरड्या, रोवळ्या, सुपं घेऊन बसायची. आजी तिच्याशी दोन-दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची आणि सूप पाणी शिंपडून आत घ्यायची. पैसे मी नेऊन द्यायचे, तिच्या हातात न देता पायरीवर ठेवायचे. तसंच शिकवलं होतं, आणि मी एकदाही का ते विचारलं नाही. तिच्या हातांकडेही कधी पाहिलं नाही.

रात्री दादाला विचारलं, आपल्याकडे सुपं आणायची तिचं नाव काय होतं?

‘कोण, ती बुरडीण? नाव काय माहीत,’ त्याचं उत्तर आलं.

आईला माहीत असेल. रविवारी फोन करते तेव्हा तिला विचारणार आहे.