कॅबरेच्या नावावर पैसे घ्यायचे आणि माणसं कोंबायची

पॅरिसला जाणारं कुणीही हल्ली मला विचारतं, "तिथला कॅबरे बघायलाच पाहिजे ना गं?" आणि माझं डोकं तापतं. बघा, जरूर बघा. पण पैसे भरण्याआधी नक्की कुठे बसवणार आहात ते लेखी मागा. देणार नाहीत, मला माहीत आहे. मागा तरीही.

आम्ही गेलो त्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही. शंभर वर्षांहून जुनं, जगभर गाजलेलं आहे एवढं पुरे. जेवणासकट तिकीट माणशी दोनशे युरोंच्या वर. म्हणजे माझ्या आणि आईच्या एका संध्याकाळीत आपल्याकडच्या किती घरांचा महिना निघेल, याचा हिशेब तुम्हीच करा. एवढे पैसे ते कशाच्या जोरावर मागतात? जेवणाच्या नाही, खुर्च्यांच्या तर नाहीच नाही. इतिहासाच्या जोरावर मागतात. दारावर इतिहास, माहितीपत्रकात इतिहास, तिकिटावरही इतिहास. आणि आत पाऊल टाकलं की तो इतिहास कुठे जातो कोण जाणे.

आधी तासभर फुटपाथवर उभं केलं. वर पाऊस, छप्पर नाही. जास्त पैसे भरलेल्यांची रांग वेगळी, ती आमच्या डोळ्यांदेखत सरकत होती. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला कुठे टेकायला मिळेल का म्हणून विचारलं, तर दारावरच्या माणसाने मान वर न करता हाताने "मागे व्हा" अशी खूण केली. आत गेल्यावर अरुंद, लांबलचक टेबलं, रंगमंचाकडे टोक करून लावलेली. दोन्ही बाजूंना माणसं अशी बसवलेली की रंगमंच बघायचा तर पूर्ण वेळ मान वळवून ठेवायची. शेजारच्या अनोळखी माणसाचं कोपर माझ्या ताटावर. आणि आमच्या बरोब्बर समोर खांब. खांब! नर्तकी डावीकडून यायच्या, खांबामागे नाहीशा व्हायच्या आणि उजवीकडून बाहेर पडायच्या. मी उठून जागा बदलून मागितली. "फुल आहे." बस्स, एवढंच उत्तर. तिकीट घेताना खांबाचा उल्लेख का केला नाहीत, हा प्रश्न त्या माणसाला ऐकूच आला नसावा, कारण तो तोवर पुढच्या टेबलाशी पोचला होता.

आता पाण्याचं ऐका. तिकिटात शँपेन धरलेली. आई दारू घेत नाही, तिने साधं पाणी मागितलं. बाटली आणून आपटली आणि बिल वेगळं लावलं. फ्रान्समध्ये जेवायला बसलेल्या माणसाने नळाचं पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं लागतं, "काराफ दो" म्हणायचं आणि भरलेला जग टेबलावर येतो. साध्यातल्या साध्या खाणावळीत आम्हाला तो हसतमुखाने मिळाला होता. इथे मात्र दोनदा मागूनही नाही. न प्यायलेल्या शँपेनचे पैसे घ्यायचे आणि वर प्यायलेल्या पाण्याचेही घ्यायचे! शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळी कळवलं होतं, त्याचं फळ म्हणजे उकडलेल्या चार भाज्या. त्यावर जास्त लिहीत नाही, जेवायला गेलोच नव्हतो आम्ही.

माझा खरा संताप वेगळाच आहे. कॅबरे म्हणजे काय होतं, हे यांना ठाऊक आहे का? १८८१ मध्ये रोदोल्फ सालिने पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत 'ल शा न्वार' हे कॅबरे उघडलं, तेव्हा ती छोटीशी जागा होती. कवी, चित्रकार, गाणारे टेबलाटेबलाशी बसलेले. पुढे मोठ्या जागेत गेल्यावर जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्यांचे छायाखेळ सुरू झाले आणि ते बघायला सगळं पॅरिस लोटलं. संगीतकार एरिक सातीने तिथे पियानो वाजवला. सालिने सोडलेल्या जुन्या जागेत १८८५ मध्ये गायक आरिस्तीद ब्रुआंने आपला अड्डा थाटला. हा ब्रुआं, चित्रकार तूलूझ-लोत्रेकच्या पोस्टरमधला काळ्या टोपीचा आणि लाल मफलरचा माणूस, झोपडपट्टीतल्या, रस्त्यावरच्या लोकांची गाणी त्यांच्याच बोलीत म्हणायचा आणि दारातून आत आलेल्या पैसेवाल्यांना तोंडावर शिव्या घालायचा. लोक त्या शिव्या ऐकायला पैसे मोजून यायचे. का? कारण तो त्यांच्याकडे बघून बोलायचा! गाणारा आणि ऐकणारा यांच्यात हातभर अंतर, हीच तर या प्रकाराची जान होती. आम्हाला त्या रात्री कुणी शिवीसुद्धा दिली नाही. आमच्याकडे कुणी बघितलंच नाही.

शेकडो माणसांच्या त्या दालनात गाणी ध्वनिमुद्रित, निवेदन ध्वनिमुद्रित, प्रसंगामागून प्रसंग नुसते पुढे ढकललेले. मुलींबद्दल माझी अक्षराची तक्रार नाही, हे ठासून सांगते. एका रात्रीत दोन प्रयोग, डोक्यावर जड पिसांचा साज, पायात उंच टाचा, चेहऱ्यावर हसू ढळू द्यायचं नाही. त्या जीव तोडून नाचत होत्या. पण ज्या कॅनकॅनसाठी जग तिथे येतं, तो कधी आला आणि कधी संपला कळलं नाही. १८३० च्या सुमारास पॅरिसच्या कष्टकऱ्यांच्या नाचघरांत हा नाच सुरू झाला. पुरुषही नाचायचे, पोलीस मधे पडायचे. हवेत पाय फेकणं हे उद्धटपणाचं होतं, मोकळेपणाचं होतं. इथे तो चार मिनिटांत उरकला, आणि कुठून आला, कुणी नाचला, याबद्दल अवाक्षर नाही.

लुईज वेबेरचं नाव तरी घ्या! कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी, स्वतःही कपडे धुण्याचंच काम करणारी. गिऱ्हाइकांचे भारी कपडे अंगावर घालून नाचायला जायची असं सांगतात. 'ला गुल्यू' या नावाने ती मूलाँ रूज या कॅबरेची राणी झाली. मूलाँ रूज उघडलं १८८९ मध्ये, आयफेल टॉवरच्याच वर्षी, आणि १८९१ मध्ये तूलूझ-लोत्रेकने तिचं पोस्टर काढलं. पांढऱ्या झालरींच्या घोळात एक पाय वर फेकलेली ती बाई आज पॅरिसच्या गल्लोगल्ली फ्रिजच्या मॅग्नेटवर, टॉवेलवर, पिशव्यांवर विकली जाते. मी एका दुकानात मुद्दाम विचारलं, ही कोण? विकणाऱ्याने किंमत सांगितली. १८९५ मध्ये तिने मूलाँ रूज सोडलं, जत्रांमध्ये स्वतःचा तंबू टाकला, सगळं बुडालं. म्हातारपणी फिरत्या गाडीत राहून त्याच वस्तीत शेंगदाणे विकत होती. १९२९ मध्ये गेली. तिच्या अस्थी मोंमार्त्रच्या स्मशानात आणायला १९९२ उजाडलं. जिच्या झालरींवर अजून धंदा चाललाय, तिच्या वाट्याला हे आलं!

आपणही काही सोवळे नाही. विठाबाई नारायणगावकरांचे शेवटचे दिवस कसे गेले ते तमाशावर जीव टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण निदान राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, मंचावरून नाव घेतलं जातं. पॅरिसच्या त्या दालनात पूर्ण संध्याकाळ पैसे मोजणाऱ्या माणसांपुढे एकाही जुन्या नर्तकीचं नाव उच्चारलं गेलं नाही. ला गुल्यूचं नाही, झान आव्रिलचं नाही. जोसेफिन बेकरचंही नाही. फ्रान्सने २०२१ मध्ये पाँतेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, मानाने जागा दिलेल्या बाईचं नाव कॅबरेच्या रंगमंचावरून घ्यायला किती वेळ लागतो?

आणि आपले टूरवाले! "पॅरिस बाय नाइट, थोडं चावट आहे हं" असं डोळा मारून हे विकतात. मग बसमधून उतरलेले काका लोक आत बसून उघड्या अंगाच्या नर्तकींवर मराठीतून शेरे मारतात, इथे कुणाला कळतंय म्हणून. मला कळत होतं. माझ्या आईला कळत होतं. त्या मुली त्यांचं काम करत होत्या, आणि आमच्या गावची माणसं आमच्याच भाषेत घाण बोलत होती. मी वळून "तोंड आवरा" म्हटलं, तेव्हा कुठे गप्प झाले. फोनवर चित्रीकरण करू नका असं चार भाषांत सांगूनही त्यांचेच फोन वर. टूरवाल्याने बसमध्ये दहा मिनिटं हा नाच काय आहे ते सांगितलं असतं तर? पण त्यालाच माहीत नव्हतं. मी विचारलं होतं.

शेवटचा टाळ्यांचा कडकडाट पुरता विरला नव्हता तोवर दिवे भकाभक लागले. वेटर आमच्या हाताखालून ग्लास ओढायला लागले, दुसऱ्या प्रयोगाची गर्दी बाहेर ताटकळत होती. आई उठून उभी राहीपर्यंत तिची खुर्ची मागे सरकवली. बाहेर पडायचा रस्ता अर्थातच दुकानातून.

याच पॅरिसात 'लापाँ अजील' हे जुनं कॅबरे अजून चालू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडायला निघाले होते, तेव्हा त्याच ब्रुआंने ती जागा विकत घेऊन वाचवली. लहानशी खोली, लाकडी टेबलं, गाणारे तुमच्या शेजारीच बसलेले. म्हणजे हे जमतं! आजही जमतं! तेव्हा "काळ बदलला, पर्यटक वाढले" हे मला कुणी सांगू नये. आणि ला गुल्यूला भेटायचं असेल तर ओर्से संग्रहालयात जा. तिच्या जत्रेतल्या तंबूसाठी लोत्रेकने रंगवलेले मोठे फलक तिथे आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आत जायला पैसेही पडत नाहीत.

परत आल्यावर मी त्या कॅबरेला सविस्तर ईमेल लिहिली. उत्तर आलं की आसनव्यवस्था हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे. खांबाबद्दल शब्द नाही, पाण्याबद्दल नाही, आईला उभं ठेवल्याबद्दल नाही. मी पुन्हा लिहिलंय, फोटो जोडून. खांबामागची खुर्ची विकायचीच असेल तर ती खांबामागची म्हणून विका, तिची किंमत निम्मी करा, आणि रांगेत म्हाताऱ्या माणसांसाठी बाकं टाका. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला लिहीत राहणार आहे.