ओसाकाच्या चात्या, वऱ्हाडची रुई

'जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त, आपल्यात ती नाही, म्हणून आपण मागे.' घरच्या प्रत्येक चर्चेत हे वाक्य येतंच, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. आठवडाभर शिनकानसेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे, फोटो काढून परतलेले तर ते शपथेवर सांगतात. मी ओसाकात राहतो. हे शहर सुतावर मोठं झालं, आणि त्या सुतात आपल्या वऱ्हाडची रुईही होती.

सरकारच्या पुढाकाराने जपानात आधी दोन-दोन हजार चात्यांच्या (सूत कातणाऱ्या टकळ्यांच्या) गिरण्या निघाल्या. बहुतेक पाण्यावर चालणाऱ्या. ओढ्याला पाणी कमी की काम बंद. त्या तोट्यात गेल्या. माणसं तेव्हाही जपानीच होती. मग उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने 1883 मध्ये ओसाकात वाफेवरची गिरणी सुरू झाली, म्यूल या जुन्या पद्धतीच्या कताई यंत्राच्या 10,500 चात्यांची. पुढे रातपाळीसाठी विजेचे दिवेही लागले.

खरा फरक रिंग या नव्या कताई यंत्राने पाडला. म्यूलचा गाडा बाहेर येताना सूत ओढून पीळ देतो, आत जाताना ते गुंडाळतो. त्याला कसलेला कारागीर लागतो. रिंगवर पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी चालतं, नवख्या मुली लवकर शिकतात. पण रिंगवर सुताला ताण जास्त. नुसती आपली आखूड धाग्याची रुई घातली की तार सारखी तुटते, जोडण्यात वेळ जातो, उत्पादन घसरतं. म्हणून इथे आपल्या रुईत लांब धाग्याची अमेरिकन रुई मिसळू लागले. 1893 मध्ये मुंबई-कोबे बोट सुरू झाली, तीही आपल्या रुईच्या गासड्यांसाठीच. 1897 मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या वर गेली.

आपल्याला रिंग माहीत नव्हती असं नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1880 च्या दशकातच ती लावली होती. मुंबई बराच काळ म्यूलला धरून राहिली. गिरणीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटला सुरुवातीच्या काळात दर पौंड वजनाच्या मालामागे पाव आणा कमिशन मिळे, नफा होवो न होवो. नव्या यंत्रांची त्याला काय घाई? त्यात 1896 मध्ये जपानने कच्च्या कापसावरची आयात जकात उठवली, आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी (उत्पादनावरचा कर) बसवली.

'इंग्रज नसते तर आपणच जपान झालो असतो' हेही मला पटत नाही. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या करारांमुळे जपानचेही हात बांधलेले होते. आयात जकातीचं पूर्ण स्वातंत्र्य त्याला 1911 मध्ये मिळालं. जपान सरकारने पैसा काढला शेतकऱ्याकडून: 1873 पासून जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के कर, रोखीने. बापाला आगाऊ रक्कम देऊन आणलेल्या मुली गिरणीच्या वसतिगृहात कोंडल्यासारख्या राहत, रातपाळ्या करत, आणि कित्येक क्षय घेऊन गावी परतत. बायकांची रातपाळी 1929 मध्ये बंद झाली. या मुलींच्या हालांना रक्तातली शिस्त म्हणू नका.

इथल्या लोकांपुढे मी मुंबईची बाजू हिरिरीने मांडतो, घरच्यांपुढे जपानची. दोन्हीकडे मी परक्यासारखा बोलतो असं ऐकवतात, आणि घरच्यांचं ते जास्त लागतं.