‘खाल्लं तेवढं पळवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लठ्ठ मुलं चोरून खातात ते जिभेचे चोचले, आजार वगैरे काही नाही. त्यांना पहाटे उठवून उपवनला नाहीतर तलावपाळीला पळवा, खाल्लं तेवढं जाळायला लावा. रात्रीचं जेवण बंद करा. पाय दुखतात म्हणाली तर ती नाटकं समजा. महिन्याभरात सवय सुटेल, डॉक्टर नको.

मी शाळेत पीटी शिकवते. मेसेज व्यायामाचं कौतुक करतो, म्हणूनच मला त्याचं उत्तर देणं भाग आहे.

‘आजार नाही’ हे आधी घेऊ. लग्नात चार जिलब्या जास्त खाणं हा आजार नाहीच. पण साधारण २ तासांच्या आत, दुसरं कुणी खाईल त्याहून खूप जास्त पोटात जातं आणि थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. भूक नसताना, लपून, पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं जातं आणि मग स्वतःचीच किळस येते. असं आठवड्यातून एकदा तरी, ३ महिने होत असेल तर तो बिंज इटिंग डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. सगळ्या लठ्ठ मुलांना तो नसतो आणि सडपातळ मुलांनाही होऊ शकतो, त्यामुळे वजनकाट्यावर तो ओळखता येत नाही.

आता ‘खाल्लं तेवढं जाळा’. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. एका वडापावाच्या कॅलरी खर्च व्हायला साधारण तासभर भरभर चालावं लागतं. असा अनावर खाण्याचा झटका आलेलं मूल फरसाणाचं अख्खं पाकीट, बिस्किटांचा पुडा आणि वर उरलेला भात संपवतं. तो हिशोब उपवनच्या फेऱ्यांनी कधीच जुळणार नाही, आणि न जुळल्याचा दोष मूल स्वतःला देईल. त्याहून वाईट म्हणजे, खाल्ल्याची भरपाई म्हणून उलट्या काढणं, उपास करणं किंवा अति व्यायाम करणं ही बुलिमिया या दुसऱ्या आजाराची खूण आहे. एका आजारातल्या मुलाला आपण दुसऱ्याचा रस्ता दाखवतोय.

रात्रीचं जेवण बंद केलं की काय होतं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला. जेवण पुन्हा सुरू झाल्यावर त्यातले काही जण पोट भरलं तरी खातच राहिले. ही धडधाकट, स्वखुशीने आलेली माणसं होती. आपली मुलं सकाळी सातला शाळेत जातात, डबा अर्धा परत आणतात आणि क्लासहून रात्री नऊला घरी येतात. तेव्हा ताट नाकारलं तर अकराला स्वयंपाकघरात डबे वाजणारच. अमेरिकन बालरोग अकादमीनेही २०१६ मध्ये हेच सांगितलं: डाएट नको, जेवण चुकवणं नको, वजनावरून बोलणं नको, घरच्यांनी एकत्र जेवावं.

पाय दुखण्याचं थोडक्यात, पण नीट वाचा. लठ्ठ किशोरांमध्ये मांडीच्या हाडाचं वरचं टोक वाढीच्या जागेवर घसरू शकतं. बिघाड खुब्यात असतो, दुखतो कधी कधी गुडघा. मूल लंगडत असेल तर पळवणं लगेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडून एक्स-रे काढून घ्या.

मग व्यायामाचा उपयोग काय? भरपूर. बिंज इटिंगवर मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार, विशेषतः विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी. त्याला व्यायामाची जोड दिल्यावर लठ्ठ स्त्रियांमध्ये झटक्यांचे दिवस कमी झाल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. खाण्याचा झटका पुष्कळदा उदास किंवा चिडलेल्या मनातून येतो. व्यायामाने मन हलकं होतं, झोप लागते, संध्याकाळचा एकटेपणाचा तास भरतो.

आणि व्यायाम म्हणजे नुसतं पळणं नव्हे. कॅनडात ओटावा इथे १४ ते १८ वर्षांच्या ३०४ किशोरांवर झालेल्या प्रयोगात वजनं उचलणाऱ्या गटाची चरबी, व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा जास्त घटली. मैदानावर मी रोज पाहते: शंभर मीटरला शेवटचा येणारा जाडा मुलगा रस्सीखेचीत संघाचा आधार असतो. त्याला आधी तिथे उभं करा. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून ३ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. त्यात पोहणं, कबड्डी, नाच सगळं बसतं. काय करायचं ते मुलाला निवडू द्या. काल रात्री किती खाल्लं याचा विषय मैदानावर काढू नका. खूप खाल्लं त्या दिवशी व्यायाम वाढवू नका.

‘महिन्याभरात’ या शब्दावर मुळीच विसंबू नका. उपचारांना कित्येक महिने लागू शकतात. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, रक्तदाब आणि साखर तपासा, चोरून खाण्याबद्दल स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव विचारा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मूल उलट्या काढत असेल किंवा ‘मला जगायचं नाही’ म्हणत असेल, तर आजच फोन करा.